ट्रान्स सहकारी रुजू होण्याआधी: गेटपासून पगारापर्यंतची तयारी

आमच्या कारखान्यात पहिली ट्रान्स सहकारी, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री, रुजू झाली त्या सकाळी रिसेप्शनवर फुलांचा गुच्छ तयार होता, एचआरची माणसं खाली येऊन उभी होती, आणि ती मात्र पाऊण तास गेटवरच अडकली होती. गार्डच्या यादीत तिचं आत्ताचं नाव होतं, हातातल्या आधारवर जुनं. पहिल्या पाळीची माणसं आत येत होती. त्यांच्यासमोर गार्डने ते जुनं नाव दोनदा मोठ्याने वाचलं. मग झडती कोणी घ्यायची यावर त्याची आणि लेडीज गार्डची कुजबुज सुरू झाली. वर आल्यावर तिने गुच्छ घेतला, हसली. दहाव्या दिवसापासून आली नाही.

गार्डला दोष देऊन उपयोग नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि तो अख्खा आठवडा मी स्वागताच्या बोर्डावर कुठला फॉन्ट घ्यायचा यात घालवला होता.

आता कोणी विचारलं की 'आम्हाला ट्रान्स व्यक्तींना कामावर घ्यायचंय, सुरुवात कुठून करू', तर मी सांगते: हातात वही घ्या आणि नव्या माणसाच्या वाटेने गेटपासून पहिल्या पगारापर्यंत स्वतः चालत जा. जिथे जिथे 'नाव काय' किंवा 'पुरुष की स्त्री' असं कोणी विचारतं, तिथे खूण करा. आमच्याकडे अशा सतरा जागा निघाल्या. गेटची वही, झडती, बायोमेट्रिक, गणवेशाचं माप, लॉकर, बसमधली लेडीज सीट, मेडिक्लेमचा फॉर्म. खालचं सगळं त्या वहीवरून लिहिलंय. तुमची शाळा असेल, पतसंस्था असेल, दवाखाना असेल तर जागा बदलतील, बाकी वाट बरीचशी हीच.

पायरी १: बोलायचं कसं

इंग्रजी ईमेलमध्ये लोक सहीखाली आपली सर्वनामं लिहितात. मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगून टाकतं. त्याचा फायदाही आहे. समोरची व्यक्ती 'मी सकाळी आले' म्हणाली, की तिने तुम्हाला सांगितलंय. तो 'मी निघतो' म्हणाला, की त्यानेही सांगितलंय. फक्त ऐकायला हवं.

पण मी मूळची कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायकाही सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी स्वतः आईशी फोनवर अजून तसंच बोलते. त्यामुळे नुसत्या क्रियापदावर भिस्त ठेवू नका. कळलं नाही तर 'तुम्ही' धरा. 'तुम्ही कधी आलात? जेवलात का? कुठे राहता?' यात लिंग कुठेच येत नाही. 'तू'वर उतरलात की 'आलास' की 'आलीस' हे ठरवावं लागतं. खरी पंचाईत होते ती त्या व्यक्तीबद्दल तिसऱ्याशी बोलताना: 'ते आलेत' की 'त्या आल्यात'? तेव्हा पहिल्याच भेटीत, बाजूला कोणी नसताना, सरळ विचारा: 'तुमच्याबद्दल बोलताना कसं बोलू? हाक कशी मारू?' कोणी ताई म्हणा म्हणेल, कोणी दादा, कोणी फक्त नाव. स्त्री आणि पुरुष दोन्हींत न बसणारे काही जण 'ते' पसंत करतात. चुकलात तर 'सॉरी, आल्यात' म्हणून वाक्य पुढे न्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट त्यांनाच तुमची समजूत घालावी लागते.

शब्दांचंही बघा. सरकारी कागदात 'तृतीयपंथी' येतो. बरेच जण 'ट्रान्सजेंडर' किंवा नुसतं 'ट्रान्स' म्हणतात, काही कार्यकर्ते 'पारलिंगी' वापरतात. हिजडा आणि जोगता या परंपरा आहेत, त्यांत गुरू-चेल्याची नाती आहेत, घराणी आहेत. 'हिजडा' हा शब्द आतली माणसं अभिमानाने वापरतात, पण आपल्या तोंडी तो इतकी वर्षं शिवीसारखा राहिलाय की आपण तो न वापरलेला बरा. आणि प्रत्येक ट्रान्स व्यक्ती त्या परंपरेतली नसते. तृतीयपंथी म्हटलं की साडी आणि टाळी डोळ्यांसमोर येते. मुलगी म्हणून वाढवला गेलेला ट्रान्स पुरुष कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. माझ्याही आला नव्हता. त्याची गोष्ट शेवटी येईल.

पायरी २: कायद्याचा भाग, एका बैठकीत

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपलं लिंग काय हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. ग्रामपंचायतीला महिला गटातून भरलेला त्यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९चा, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. आस्थापना म्हणून आपल्याला लागू होणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. नोकरी देताना, बढती देताना भेदभाव करायचा नाही. एक तक्रार अधिकारी नेमायचा. समान संधी धोरण लिहून ते वेबसाइटवर, नाहीतर दर्शनी भागात लावायचं, आणि त्यात स्वच्छतागृहासारख्या सोयी, सुरक्षेची व्यवस्था, ओळख गुप्त ठेवण्याची हमी आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती द्यायची. हे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम आहे असा गैरसमज फार आहे. कायद्यातल्या 'आस्थापना' या शब्दात खाजगी संस्थाही येतात. ओळख प्रमाणपत्राचा, म्हणजे ट्रान्स असल्याच्या सरकारी दाखल्याचा, भाग मात्र सतत वादात असतो, तेव्हा धोरण लिहायच्या आधी वकिलाकडून ताजा मजकूर वाचून घ्या.

नेटवरून दुसऱ्या कंपनीचं धोरण उतरवून नाव बदलू नका. असं एक धोरण मी पाहिलंय, त्यात तक्रार अधिकारी बंगळूरला बसत होता आणि कारखाना साताऱ्याजवळ होता.

पायरी ३: भरती

२०२२ मध्ये महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच दोन रकाने होते. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा द्यायला सांगितलं, सरकार ते अवघड म्हणत उच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे कानउघाडणी झाल्यावर डिसेंबरमध्ये रकानाही आला आणि नियम करण्याची मुदतही ठरली. एवढं सगळं एका रकान्यासाठी. तुमच्या अर्जात तो आजच घाला, सोबत 'सांगायचं नाही' हाही पर्याय ठेवा.

जाहिरातीत 'ट्रान्स उमेदवारांचं स्वागत' लिहिलं तरी अर्ज आपोआप येत नाहीत. जाहिरातीत काहीही असलं तरी लोकांना अनुभव वेगळा आलेला असतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट, नागपुरात सारथी ट्रस्ट अशा संस्थांशी आधी बोला, एकदा त्यांना कारखाना दाखवा, चहा पाजा, मग जागा सांगा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (कचरा टाकणाऱ्यांवर नजर ठेवणारे) म्हणून ट्रान्स व्यक्तींना घेतलं, त्यामुळे आमच्या पट्ट्यात तरी 'असं कुठे असतं का' हा प्रश्न आता कोणी विचारत नाही.

पात्रतेची अट एकदा तपासून घ्या. २०११च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली, आणि देशभरात या रकान्यातली साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती. शाळेत चिडवतात, घरातून हाकलतात, शिक्षण सुटतं. पॅकिंगच्या कामाला बारावी खरंच लागते का? आम्ही ती अट काढली, कोणाचं काही अडलं नाही.

मुलाखतीत 'मधली चार वर्षं काय केलंत' हा प्रश्न नको. उत्तर बहुतेक वेळा मंगती, म्हणजे सिग्नलवर, गाडीत पैसे मागणं, किंवा त्याहून अवघड असतं आणि त्या उत्तराचं तुम्ही काही करणार नसता. 'ऑपरेशन झालंय का', 'घरच्यांना माहितीये का', 'लग्नाचं काय' हे तर नाहीच. एका ज्येष्ठ मॅनेजरने मला विचारलं, 'मग बोलायचं तरी काय?' म्हटलं, साहेब, इतरांना विचारता तेच. गेज वाचता येतं का, रात्रपाळी चालेल का.

पायरी ४: कागद, गेट, मस्टर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, हाक मारतात ते तिसरं, असं सर्रास असतं. नाव बदलायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, मग आधार, पॅन, बँक असा फेरा पडतो. त्यात महिने जातात आणि तोवर माणसाला ताटकळत ठेवता येत नाही.

आम्ही नावांचे दोन कप्पे केले. ओळखपत्र, ईमेल, मस्टर, लॉकर, मशीनवरची पाटी, कॅन्टीनचं कार्ड या सगळ्यांवर ती व्यक्ती सांगेल तेच नाव, पहिल्या दिवसापासून. त्याला कुठलाही पुरावा मागायचा नाही. पीएफ, टीडीएस आणि बँकेत जाणाऱ्या फाइलमध्ये कागदावरचं नाव, ते बदलेपर्यंत. ही दुसरी यादी पेरोलमधल्या एकाच माणसाकडे. हे त्या व्यक्तीला आधीच समजावून सांगा, नाहीतर पहिली सॅलरी स्लिप हातात आली की तिला वाटतं कंपनी खोटं बोलली. आमच्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये 'छापायचं नाव' असा वेगळा रकाना आधीपासून होता. सहा वर्षं तो कोणी वापरलाच नव्हता.

पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीलाही सांगा. त्यांचा मुलगा जुन्या कंपनीत फोन करून नवं नाव सांगतो, पलीकडून 'असं कोणी नव्हतं' येतं, किंवा त्याहून वाईट, पलीकडच्यांना आयती बातमी मिळते. फोन करण्याआधी उमेदवाराची परवानगी आणि कुठलं नाव घ्यायचं हे ठरलेलं हवं.

गेटवर दोन नियम पुरतात. कागद पाहायचा, मोठ्याने वाचायचा नाही. झडती कोणी घ्यायची हे ती व्यक्ती सांगेल, पडद्याआड. गार्ड, हाउसकीपिंग, कॅन्टीन ही माणसं बहुधा कंत्राटदाराची असतात, त्यामुळे तुमचं धोरण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कंत्राटातच कलम घाला आणि प्रशिक्षणाला सगळ्यात आधी गार्डना बसवा.

एक रकाना लोक विसरतात: अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. तिथे 'वडील / पती' छापलेलं असतं. आमच्या एका सहकारीने 'नातं' या जागी 'गुरू' लिहिलं आणि क्लार्कने फॉर्म परत केला. आता तिथे फक्त 'नाव' आणि 'फोन' आहे. पीएफच्या वारसाचं मात्र तसं नाही. नियमाने कुटुंब असेल तर वारस कुटुंबातलाच लागतो, नसेल तरच दुसरं कोणी चालतं. घर सुटलेल्या माणसापुढे तो फॉर्म नुसता सरकवू नका, शेजारी बसून भरा.

पायरी ५: स्वच्छतागृह

या विषयावर बैठका फार होतात, खर्च फार कमी लागतो. ट्रान्स स्त्रीला लेडीज टॉयलेट वापरायचं असेल तर वापरू द्या, ट्रान्स पुरुषाला जेंट्स. ज्यांना दोन्हीकडे नको वाटतं त्यांच्यासाठी, खरं तर कोणासाठीही, एक सुटी खोली ठेवा: आतून कडी, आरसा, पाणी, झाकणाचा डबा. दारावर फक्त 'स्वच्छतागृह' लिहा. 'तृतीयपंथीयांसाठी' अशी पाटी लावलीत तर आत जाणारा प्रत्येक जण पाटी गळ्यात घालूनच जातो. अपंगांचं टॉयलेट दाखवून मोकळं होऊ नका. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी झाडू-फिनेलची खोली झालेलं असतं, ते आधी ज्यांचं आहे त्यांना मोकळं करून द्या. जेंट्समधल्या बंद संडासांतही झाकणाचा डबा ठेवा. ट्रान्स पुरुषांना पाळी येऊ शकते, आणि हे कोणी तुमच्याकडे येऊन सांगणार नाही.

पायरी ६: बाकीच्यांशी बोलणं

कोणाबद्दल काय सांगायचं हे त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय एक शब्दही नको. काही जणांना सगळ्यांना माहीत असलेलं चालतं. काही जण पूर्णपणे नव्या ओळखीने आलेले असतात आणि तुमचा प्रेमळ स्वागत-ईमेल त्यांचं गुपित फोडतो.

प्रशिक्षण एखादी व्यक्ती रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात ठेवू नका, म्हणजे ते तिच्याबद्दल आहे असं होत नाही. ते घ्यायला ट्रान्स व्यक्तीलाच बोलवा आणि मानधन द्या. शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका. शालीने खोलीचं भाडं भरता येत नाही. त्यांची जीवनकहाणी ऐकायचा आग्रह नको. प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवा. आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त वेळा होतं: 'चुकून काही बोललो तर नोकरी जाईल का?' माणसं दुष्ट नसतात तितकी घाबरलेली असतात, हे त्या दिवशी कळलं.

प्रशिक्षणात न येणाऱ्या गोष्टीही असतात. संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्या कॅन्टीनमध्ये होतं. आमच्या एका ट्रान्स सहकारीला बोलवायचं की नाही यावर चार बायका माझ्या केबिनमध्ये आल्या. मी काही बोलायच्या आत स्टोअरमधल्या मावशी म्हणाल्या, 'अगं, वाणाचे डबे चाळीस आणलेत, आपण एकोणचाळीस.' विषय संपला. मी असते तर परिपत्रक काढलं असतं.

३१ मार्चच्या (ट्रान्स दृश्यता दिन) किंवा जून महिन्यातल्या (प्राइड महिना) फोटोंबद्दल एवढंच: ज्या संस्थेत तक्रार अधिकाऱ्याचं नाव विचारल्यावर लोक एकमेकांकडे बघतात, तिने लोगो रंगवायची घाई करू नये.

पायरी ७: पहिला महिना

२०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ ट्रान्स व्यक्तींना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं. महिन्याभरातच त्यांतल्या आठ जणांनी काम सोडलं, कारण शहरात कोणी खोली देईना आणि लॉजचं भाडं पगारात बसेना. हे मी आधी वाचलं असतं तर आमच्याकडची ती का गेली याची निम्मी कारणं मला शोधावी लागली नसती. गेटवरचा प्रसंग होताच. पण तिने ठाण्याची वस्ती सोडली होती आणि आमच्या भागात तिला कोणी खोली देत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

म्हणून आता कंपनीच्या लेटरहेडवर घरमालकासाठी पत्र देतो, लागलं तर भाडेकरारावेळी आमचा माणूस सोबत जातो. डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल मिळते, पगारातून दहा हप्त्यांत वळती होते. आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला थोडी रक्कम हातात देतो. मंगतीचा पैसा रोज संध्याकाळी हातात असतो. तिथून आलेल्या माणसाला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे परत जा म्हणण्यासारखंच आहे. अकाउंट्सला हे पटवायला मला तीन बैठका लागल्या.

दुसऱ्या पाळीनंतर घरी कसं जाणार हेही विचारा. बस आमच्या गेटवरून स्टेशनपर्यंत जाते, पुढचा रिक्षाचा टप्पा आमचा नसतो, पण त्रास तिथेच होतो.

पायरी ८: तक्रार

नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची चौकशी १५ दिवसांत करायची आणि अहवाल आल्यावर संस्थाप्रमुखाने १५ दिवसांत कारवाई करायची. अधिकारी असा नेमा ज्याच्याकडे शॉप फ्लोअरवरचा माणूस चप्पल न काढता जाऊ शकेल. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा 'स्त्री'बद्दल बोलतो. तुमच्या अंतर्गत धोरणात मात्र 'कोणतीही कर्मचारी व्यक्ती' असं लिहायला कोणी अडवलेलं नाही. तेवढं लिहून घ्या, म्हणजे ट्रान्स पुरुषाच्या तक्रारीवर 'हे आमच्या समितीत बसत नाही' असं उत्तर जाणार नाही.

टाळी वाजवून दाखवणं, आवाजाची नक्कल, 'अरे-अगं' असं मुद्दाम घोळवून बोलणं यांची नावं घेऊन धोरणात लिहा. 'असभ्य वर्तन' एवढं मोघम लिहिलं की सगळे म्हणतात, मस्करी होती.

पायरी ९: जो आधीपासून आपल्यातच आहे

सगळी तयारी आपण नव्याने येणाऱ्यासाठी करतो. पण एखादा जुना कर्मचारी एक दिवस येऊन सांगतो की आजपासून माझं नाव हे. तेव्हा त्याच्यासोबत बसून तारखा ठरवा: टीमला कधी, कोणी, कुठल्या शब्दांत सांगायचं, ओळखपत्र कधी बदलायचं, गणवेश कधी, शस्त्रक्रिया असेल तर रजा कुठल्या खात्यात. ती इतर कुठल्याही शस्त्रक्रियेसारखीच वैद्यकीय रजा धरा. वेग त्याचा.

आमच्या क्वालिटीत दोन वर्षं एक मुलगी होती असं आम्ही समजत होतो. कामात चोख, कोणाशी फारसं बोलणं नाही. राजीनामा दिला, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. चार वर्षांनी गेटवरून फोन आला की कोणीतरी एचआरला भेटायचं म्हणतंय. दाढी राखलेला तरुण, हातात प्लास्टिकची फाइल. राजपत्राची प्रत, नवं आधार, नवं पॅन, सगळं क्रमाने लावलेलं. त्याला अनुभवाचा दाखला नव्या नावाने हवा होता. जुना दाखवला की पुढची नोकरी तिथेच अडत होती. पूर्वी मी म्हटलं असतं, रेकॉर्ड बदलता येत नाही, हेड ऑफिसला विचारते, पुढच्या आठवड्यात या.

लेटरहेडवर चार ओळी लागल्या. नाव नवं, तारखा त्याच, हुद्दा तोच. 'पूर्वी अमुक नावाने' असा उल्लेख टाकला नाही; जुन्या फाइलमध्ये बंद पाकिटात राजपत्राची प्रत जोडली आणि पाकिटावर माझी सही केली. त्याने दाखला दोनदा वाचला, मग म्हणाला, 'मॅडम, शिक्का राहिला.'

शिक्का मारून दिला.